देगलूरकडच्या पेंटरचं पोरगं

गुरुजी,

मी कालपासून तुमच्यावर रागावले आहे आणि रागवून घ्यायला तुम्ही जागेवर नाही, म्हणून हे लिहायला बसले. दुपार आहे. नांदेडला तरोडा नाक्याजवळचा माझा दवाखाना या वेळी बंद असतो. खाली ऑटोवाले सवारीवरून एकमेकांचा उद्धार करताहेत आणि मी जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. पाठकोरा कागद वाया जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त तुमचीच. तुमच्या लेकीचा, आमच्या अक्काचा, काल फोन आला होता. तिची पोरगी पुढे शिकायला लातूरला गेली, ही आनंदाची गोष्ट तुम्हाला आधी सांगून टाकते. बाकीचं सांगायला मला मागे जावं लागेल, आणि मागे जायचं म्हणजे बिलोली तालुक्यातल्या आपल्या गावात, तुमच्या ओसरीवर. तिथे आता तुमच्या पुतण्याचं मोबाइलचं दुकान आहे. मागच्या खेपेला मी त्याला तुमच्या लाकडी पेटीचं विचारलं, तर कोणती पेटी तेच त्याच्या लक्षात येईना.

आठवडाभर तुम्ही आमचे गुरुजी आणि रविवारी गोड गोळ्यांचे डॉक्टर. पुस्तकं वाचून शिकलेली विद्या, पण ओसरी माणसांनी भरलेली असायची. औषध द्यायच्या आधी तुम्ही माणसाला इतकं विचारायचा की ते बिचारं आलं कशाला होतं हेच विसरून जायचं. कोणत्या कुशीवर झोपता, मीठ जास्त लागतं का, आभाळ कडाडलं की भ्या वाटतं का, एकटं रडता का माणसांत. आमची माय तुमच्याकडून आली की पदरानं वारा घेत म्हणायची, "तापाची गोळी मागाया गेले तर ह्यो माणूस सपनं इचारतो. मी काय सपनं बघत बसते का?" पण दुसऱ्या खेपेला आधी स्वप्नच सांगायची. त्या ओसरीवर बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं की तुम्हाला काय आवडतं. गोळ्यांनी किती बरं वाटायचं आणि त्या विचारण्यानं किती, हे मला एवढी वर्षं हाच धंदा करूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझे वडील, अण्णा, गावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, बैलगाडीची चाकं, पोळ्याला बैलांची शिंगं, आमच्या गल्लीतल्या विहाराची कमान, सगळं त्यांच्याच हातचं. तुम्ही शाळेत असताना कुणी तातडीनं औषधाला आलं तर बाटली काढून द्यायचं काम बाईंचं, म्हणजे तुमच्या घरच्यांचं, आणि बाईंना अक्षर येत नव्हतं. मग तुम्ही अण्णांना बोलावून बाटल्यांच्या झाकणांवर रंगाचे ठिपके काढून घेतले. बारीक ब्रश माझ्या हातात, कारण अण्णांचे हात मोठ्या अक्षरांना सरावलेले. तुम्ही एकेक बाटली पुढे करायचा आणि रंग सांगायचा. लाल ठिपका अचानक चढणाऱ्या तापाचा. पिवळा पोटाचा. निळा खोकल्याचा. एका बाटलीला तुम्ही हिरवा सांगितला आणि मी विचारलं, ही कशाची? तुम्ही म्हणालात, "ही रडू गिळून बसणाऱ्याची." मला हसू आलं. रडायचं कुठं औषध असतं का, म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. "आपल्या गावात हीच बाटली आदी संपती, पोरी," म्हणालात. मग मी तो ठिपका जरा जास्तच नीट काढला. अजून डोळ्यांपुढे आहे तो, मध्ये गच्च आणि कडेला गोल.

सातवी झाले आणि अण्णांनी ठरवलं की आता बास. पुढची शाळा बिलोलीला, एसटीनं रोज जायचं-यायचं, आणि इकडे शिडी धरायला माणूस लागतं. शिवाय माझा हात बसला होता, अक्षरांत रंग भरायचं काम मी चांगलं करायचे. अण्णांना शिकण्याचं वावडं नव्हतं. त्यांना फक्त थकवा आला होता, आणि थकलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही वाद घातलाच नाहीत. एका रविवारी ओसरी मोकळी झाल्यावर तुम्ही आमच्या गल्लीत आलात, आमच्या खाटेवर बसलात, मायच्या हातचा चहा घेतलात. तुमच्या घरातलं दुसरं कुणी तोवर आमच्या खाटेवर बसलेलं नव्हतं. अण्णा एका पाटीला अस्तर मारत होते. तुम्ही म्हणालात, "पेंटर, हात चालू द्या. मी आपलं एक सांगतो."

आणि तुम्ही होमिओपॅथी काढणाऱ्या त्या डॉक्टरचं लहानपण सांगायला लागलात. फक्त तो परदेशातला आहे हे सांगितलं नाहीत. मांजरा नदीच्या काठाला, देगलूरच्या अंगानं एक गाव होतं म्हणालात. तिथं एक पेंटर होता, मातीच्या भांड्यांवर फुलं काढायचा. रझाकारांच्या वक्ताला त्या गावाची पार दैना झाली, भांडी घेणारं कुणी राहिलं न्हाई. पेंटरच्या घरी पोरं बरीच आणि खायला ज्वारीच्या कण्या. त्यातलं एक पोरगं अभ्यासाचं वेडं. ते वाचताना घरातला दिवा जाळतं म्हणून बाप रागवायचा, तर त्यानं सोताच्या हातानं मातीचा दिवा केला, आईनं चोरून त्यात तेल घातलं. अण्णांचा ब्रश थांबला. "बाप काऊन रागवायचा? सोता पेंटर हाय, त्याला उजेडाची किंमत कळंना का?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कळायची पेंटर. म्हणूनच तर तेल मोजून वापरायचा."

मग दर रविवारी ती गोष्ट पुढे सरकत गेली. बापानं पोराला शाळेतून काढलं, परत घातलं, परत काढलं. एकदा तर निजामाबादला किराणा दुकानात नेऊन ठेवलं. तिथून ते पळून घरी आलं आणि बापाचा राग जाईस्तोवर आईनं त्याला लपवून ठेवलं. माय चुलीपुढून म्हणाली, "बरं केलं मायमाऊलीनं." त्या बापाची एक तऱ्हा तुम्ही फार रंगवून सांगायचा. कामाला जाताना तो पोराला खोलीत बसवायचा, एक सवाल द्यायचा आणि बाहेरून कडी लावायचा. दिवसभर विचार कर, संध्याकाळी आलो की उत्तर सांग. पुस्तक नाही, पाटी नाही, नुसता विचार. अण्णांना ते इतकं आवडलं की ते दोन दिवस मलाच सवाल घालत फिरले. रंग वाळल्यावर फिका का दिसतो, सांग. शाळा थांबल्यामुळे माझ्याकडे विचार करायला वेळच वेळ होता.

गोष्ट तुम्ही जिथं आणून सोडलीत ती जागा मी कधी विसरणार नाही. पोराला शेवटचं शाळेतून काढलं तेव्हा त्याचा मास्तर त्या पेंटरच्या घरी गेला. फी नको म्हणाला, पोरगं तेवढं द्या म्हणाला. पेंटर काही बोलेना. तेव्हा मास्तर त्याला आणखी एक वाक्य बोलला. एवढं सांगून तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. अण्णा म्हणाले, "मग? काय बोलला?" तुम्ही म्हणालात, "ते मी न्हाई सांगायचो. ह्यो तुम्हाला सवाल. त्या मास्तरच्या जागी तुम्ही असतात, तर त्या पेंटरला काय म्हणला असता? इचार करा, पुढच्या ऐतवारी सांगा." आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेलात. गुरुजी, त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. अण्णा शिडीवर चढायचे आणि ब्रश तसाच हातात धरून उभे राहायचे. कडी बाहेरून न लावताही तुम्ही त्यांना कोंडून गेला होता.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात. अण्णांनी तुम्हाला बसूसुद्धा दिलं नाही. आपले दोन्ही हात पुढे केले, बोटांच्या पेरांत, नखांत मुरलेला रंग, घासलेटनंही न निघणारा. म्हणाले, "मी त्याला म्हणलो असतो, गड्या, तुझा हात रंगात गेला. पोराचा जाऊ देऊ नको." मग माझ्याकडे न बघताच मायला म्हणाले, "उद्या हिला बिलोलीला घिऊन जातो." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, त्या पोरानं पुढं शाळा संपवली तेव्हा शेवटचा निबंध लिहिला तो माणसाच्या हातावर. हात किती नवलाईनं घडवलेला असतो, त्याच्यावर. अण्णा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ डबे आवरत राहिले.

आता माझी फजिती सांगते, तुम्हाला ती कधी सांगितली नाही. लातूरच्या होमिओपॅथीच्या कॉलेजात पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, या शास्त्राचा जनक कुठला, कुणाला माहीत आहे? मी ताडकन उठले. बिलोलीची पेंटरची पोरगी, पण हे मला येत होतं. म्हणाले, देगलूरकडचा, सर. रझाकारांच्या काळात त्यांचे फार हाल झाले. वर्गात जे हसू फुटलं ते वऱ्हांड्यापर्यंत गेलं असेल. पुढचे कित्येक महिने मी कॉलेजात 'देगलूर' या नावानंच ओळखली जायचे. त्या दिवशी मला तुमचा असा राग आला होता. मग ग्रंथालयात बसून मी त्याचं चरित्र वाचून काढलं आणि बघते तर काय, जर्मनी सोडली तर बाकी सगळं तसंच होतं. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढणारा बाप, लढाईनं आलेली गरिबी, मातीचा दिवा, किराणा दुकान, कोंडून घातलेले सवाल, फी माफ करणारा मास्तर. हातावरचा निबंध तरी तुम्ही अण्णांसाठी पदरचा घातला असेल अशी माझी खात्री होती. तोही खरा निघाला. तुम्ही फक्त गाव बदललं होतं. का बदललं हेही त्याच दुपारी कळलं. जर्मनीतल्या गोऱ्या पोराची गोष्ट अण्णांनी ऐकून सोडून दिली असती. देगलूरकडच्या पेंटरची गोष्ट त्यांना सोडून देता आली नाही. ग्रंथालयात मी एकटी बसून रडले आणि नंतर 'देगलूर' म्हणून हाक आली की बिनधास्त ओ द्यायला लागले.

इथवर तुमचं कौतुक. आता अक्काचं.

अक्का माझ्यापेक्षा एका वर्गानं पुढे. तिलाही डोकं होतं, तुम्हाला माहीत आहे. बिलोलीच्या एसटीत आम्ही शेजारी बसायचो, ती मला गणितं समजावायची. दहावीची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आत तुमच्या थोरल्या भावानं जळकोटचं स्थळ आणलं. घर एकत्र, शेती एकत्र, शब्द थोरल्याचा. मांडवाच्या कमानीवर 'शुभविवाह' अण्णांनीच रंगवलं. मी नवा फ्रॉक घालून बुंदी खाल्ली आणि तुम्हाला शोधत राहिले, तर तुम्ही मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी उभे होता, पाहुण्यांना तांबे भरून देत होता. घरी येताना अण्णा मायला म्हणाले, "गोष्टीतल्या त्या मास्तरला लेक नसंल." माय म्हणाली, "गप बसा. ज्याचं घर त्याला ठाव." त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. तुमच्याशी तर नाहीच.

डिग्री घेऊन मी तुमच्या पाया पडायला आले, ती आपली शेवटची भेट. तुम्ही ओसरीवर पेटी पुसत होता. लातूरला पाणी पुरतं का, खानावळीत ज्वारीची भाकर मिळते का, असलं काय काय विचारलंत. मी विचारलं, अक्का कशी आहे? तुम्ही फडकं झटकलंत, म्हणालात, "बरी हाय," आणि लगेच मलाच सवाल घातलात, पेशंट खोटं बोलत असला तर औषध कसं काढायचं, सांग. मी उत्तर देत बसले. आता वाटतं, तेव्हा मी तुम्हालाच विचारायला हवं होतं, जसं तुम्ही सगळ्या गावाला विचारायचा. कोणत्या कुशीवर झोपता गुरुजी? एकटे रडता का माणसांत? पण तुमच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं आहे? थोड्याच दिवसांत तुम्ही गेल्याचं कळलं.

यंदा त्या डॉक्टरच्या जयंतीला इथल्या कॉलेजात मला भाषणाला बोलावलं होतं. मी सगळं सांगितलं, देगलूर, रझाकार, अण्णांचा सवाल, सगळं. पोरं हसली आणि मग पुढे सरकून ऐकायला लागली. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत जळकोटला पोचलं. एक दिवस दवाखान्याचं दार ढकलून अक्का आत आली. केस पांढरे, हातात पिशवी, मागे बारावी झालेली लेक. मी उठून मिठी मारली तर ती म्हणाली, "बस तू. मी इलाजाला न्हाई आले." मग खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "त्या मोबाइलमदी तू सांगायलीस ती गोष्ट माज्या बाबाची हाय?" मी हो म्हणाले. तिनं टेबलावरची एक बाटली सरळ करून ठेवली. "आमच्या घरात कदी सांगितली न्हाई. एकदाबी न्हाई. तुज्या बापाला सांगाया तुमच्या गल्लीत आले, आन आमच्या काकाला सांगाया हिकडच्या खोलीतून तिकडच्या खोलीत जाणं झालं न्हाई त्यायच्यानं."

गुरुजी, तिनं माझं उत्तर मागितलंही नाही. तिचं काम वेगळं होतं. पोरीला लातूरला नर्सिंगला जायचं होतं आणि तिच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, उदगीरचं स्थळ बघून ठेवलं होतं. "तू ये आन माज्या मालकाला ती गोष्ट सांग," अक्का म्हणाली. "तुज्या बापावर चालली, ह्यायच्यावरबी चालंल." पोरगी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

मी जळकोटला गेले. दाजी वाईट माणूस नाही हो. खताचं दुकान आहे, बोलायला मोकळा आहे, मला पाहून स्वतः उठून कूलर माझ्याकडे वळवला. मी अगदी तुमच्यासारखं सुरू केलं, देगलूरच्या अंगानं एक गाव होतं, तिथं एक पेंटर होता. दाजींनी खिशातून मोबाइल काढला, दोन बोटं फिरवली आणि खोखो हसत स्क्रीन माझ्यापुढे धरली. "मॅडम, ह्यो तर जर्मनीचा निगाला की! देगलूर कुठाय ह्याच्यात?" मलाही हसू आलं. आता कुणाला गाव बदलून गोष्ट सांगायची सोय राहिलेली नाही. मग मी खरी गोष्ट खरी म्हणूनच सांगितली. त्यांनी मनापासून ऐकली, मध्ये मध्ये "अरारा" म्हणाले. शेवटाला मी तुमचा सवाल घातला. त्या मास्तरच्या जागी तुम्ही असता दाजी, तर काय म्हणला असता?

त्यांना विचार करायला आठवडा लागला नाही. "मी त्या मास्तरलाच इचारलो असतो," ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या सोताच्या घरात काय? राग मानू नका मॅडम. गोष्ट चांगली हाय. पण ज्यानं सांगितली त्यानंच सोताच्या लेकीला दहावीत माज्या गळ्यात बांधली. मग मी कामून ऐकू?"

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला नाही, पुढेही आली नाही. आतल्या खोलीत पोरगी ऐकत असणार. दाजी बोलले त्यात चूक काहीच नव्हती आणि मला दिसत होतं की आणखी क्षणभर मी गप्प राहिले तर त्या घरातला विषय कायमचा संपला. तेव्हा मी बोलले. म्हणाले, दाजी, स्वतःच्या घरात सांगता आली नाही म्हणूनच गुरुजी मला शेवटच्या भेटीत एक बोलले होते. काय म्हणाले होते? दाजींनी विचारलं. "म्हणाले, पेंटरला सवाल घातला पोरी, पण माज्या घरात मला तोंड उघडता आलं न्हाई. लेकीचं ऱ्हाऊन गेलं. तिच्या लेकीचं ऱ्हाऊ देऊ नको." तुमचा आवाजसुद्धा काढला मी, त्या शेवटच्या शब्दावर खाली उतरणारा.

दाजी मोबाइल हातात उलटा-सुलटा करत राहिले. "सासरे असं म्हणले?" मी हो म्हणाले. "मला तर कदी बोलले न्हाईत." मी म्हणाले, जावयाची भीड पडली असेल. त्यांनी आत बघून आवाज दिला, "फारम कदी भरायचाय गं?" अक्का तांब्या घेऊनच उंबऱ्यावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी रडली की शेजारची बाई डोकावून गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. पोरीसाठी रडत होती असं मला वाटलं. ती तुमच्यासाठी रडत होती.

कारण तेव्हापासून तिचे फोन येतात. पोरीचं दोन वाक्यांत उरकते आणि मग म्हणते, "बाबा काय म्हणले होते ते परत सांग ना." मी परत सांगते. "कुटं बसले होते?" ओसरीवर, अक्का. "आंगात काय होतं?" पांढरा सदरा. "माजं नाव घेतलं का?" घेतलं, अक्का. "डोळ्याला पाणी आलतं का?" थोडं आलं होतं. दर फोनला मी तुमच्या तोंडी थोडं आणखी घालते. एकदा तर तुम्ही चष्मा काढून पुसला. गुरुजी, तुम्ही मला "बरी हाय" याच्यापलीकडे काही बोलला नव्हता. पण तुम्हीच गाव बदलून गोष्ट सांगायला शिकवलंत, त्यामुळे याचं मला फार वाईट वाटत नव्हतं. काल दुपारपर्यंत तरी.

काल अक्का खुशीत होती. पोरीनं होस्टेलवरून पांढऱ्या कपड्यातला फोटो पाठवला होता. हसत हसत म्हणाली, "मी उगंच इतकी सालं बाबावर राग धरून बसले गं. मला वाटायचं, माज्या मनात काय हाय ते बाबाला कदी दिसलंच न्हाई. दिसलं असतं तर बोलले नसते का? तवा न्हाई दिसलं, पर मागनं तरी दिसलं की. लग्न ठरलं तवा मला घास गिळंना झाला होता. बाबा आले, दारात हुबे राहिले, काय बोलले न्हाईत. आईला म्हणले, हिला हिरव्या टिपक्याच्या बाटलीतल्या गोळ्या दे. आन गेले शाळंत. आठ दिस खाल्ल्या मी त्या. लई गोड होत्या."

मी फोन कानाला धरून उभी होते. तो ठिपका मीच काढलेला, गुरुजी. मध्ये गच्च आणि कडेला गोल. तुम्हाला दिसलं होतं. साऱ्या गावात कुणाला नसेल दिसलं इतकं नेमकं तुम्हाला दिसलं होतं, औषधाच्या नावासकट. दारात उभं राहून तुम्ही तुमच्या लेकीचं निदान केलंत आणि शाळेत पोरांना शिकवायला गेलात. त्या दिवशी पोरांना काय शिकवलं असेल याचा विचार करतेय सकाळपासून. सुचत नाही. रागावू म्हणते आणि डोळ्यांपुढे येतात ते पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून तांबे भरणारे तुम्ही. मग राग धरवत नाही, आणि त्याचाही राग येतो.

हा कागद मी ठेवणार नाही. अक्का आता नांदेडला कामानं आली की दवाखान्यात येते, ड्रॉवर उघडून बिस्किटं शोधते. तिच्या हाती लागला तर सदरा जाईल, चष्मा जाईल, सगळंच जाईल. चारला दवाखाना उघडायच्या आत फाडून टाकीन. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं की काल फोनवर ती शेवटी म्हणाली, "त्या भूक लागायच्या गोळ्या असत्याल ना गं? तू डॉक्टर हायस, तुला ठाव."

आणि मी म्हणाले, हो अक्का. भुकेच्याच होत्या.